'बाकी काही नको': शार्ल द गोल यांचा शेवट

दिवेलागण

सोमवार, ९ नोव्हेंबर १९७०. फ्रान्सच्या ईशान्येला ओत-मार्न भागात कोलोंबे-ले-द्यूझ-एग्लीझ नावाचं लहानसं खेडं आहे. तिथल्या ला ब्वासरी या घरात संध्याकाळचे सात वाजून गेलेत. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल टेबलाशी एकटेच पत्ते लावत बसलेत. टीव्हीवरच्या बातम्यांना अजून अवकाश आहे. पत्नी इव्होन त्याच खोलीत आहेत. दुपारी शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याशी जमिनीबद्दल बोलणं झालं होतं, म्हणजे दिवस रोजच्यासारखाच गेला होता. एकदम त्यांचा हात पाठीकडे गेला, इथे दुखतंय असं म्हणाले आणि खुर्चीतच कलंडले. पोटातली महारोहिणी, म्हणजे शरीरातली मुख्य रक्तवाहिनी, फुटली होती. डॉक्टर आले, गावचे धर्मगुरू आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऐंशी पूर्ण व्हायला तेरा दिवस कमी होते.

त्या रात्री फ्रान्सला काहीच कळलं नाही. इव्होनबाईंना आधी मुलांपर्यंत निरोप पोचवायचा होता. मुलगा फिलीप नौदलात अधिकारी होता, दूर ब्रेस्टला. ज्या माणसाने दुसऱ्या महायुद्धात चार वर्षं लंडन आणि अल्जियर्समधून जर्मनांच्या ताब्यातला देश जिवंत ठेवला आणि पुढे दहा वर्षं राष्ट्राध्यक्षपद भोगलं, तो एक अख्खी रात्र फक्त आपल्या घरच्यांचा राहिला. मला या सगळ्या हकिकतीत ही रात्र फार मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू टीव्हीवर आले. 'द गोल गेले. फ्रान्स विधवा झाला आहे,' हे त्यांचे शब्द अनेकांनी वाचले असतील. त्याच दिवशी त्यांनी एक कागद जाहीर केला. तो १८ वर्षं त्यांच्याकडे जपून ठेवलेला होता. १६ जानेवारी १९५२ रोजी द गोल यांनी आपल्या अंत्यविधीबद्दल लिहून ठेवलं होतं आणि तीन प्रती केल्या होत्या: एक पाँपिदूंकडे, एक मुलाकडे, एक मुलगी एलिझाबेथकडे.

त्यातला मजकूर माझ्या शब्दांत देते. माझा अंत्यविधी कोलोंबेत व्हावा. दुसरीकडे मेलो तर कोणताही जाहीर समारंभ न करता मला घरी आणा. माझी कबर तीच, जिथे माझी मुलगी आन आधीच विसावली आहे आणि जिथे एक दिवस माझी पत्नी विसावेल. त्यावर लिहायचं ते एवढंच: शार्ल द गोल, १८९० आणि पुढे मोकळी जागा. बाकी काही नको. राष्ट्रीय इतमाम नको. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, संसदेचे पदाधिकारी कुणी नको. सैन्य येऊ शकेल, पण थोडकं, आणि वाद्यं, बँड, बिगुल यांच्याशिवाय. चर्चमध्ये किंवा आणखी कुठे भाषण नको, संसदेत शोकप्रस्तावाची भाषणंही नकोत. राखीव जागा फक्त कुटुंबाला, मुक्तिलढ्यातल्या माझ्या साथीदारांना आणि कोलोंबेच्या ग्रामपरिषदेला. फ्रान्समधल्या आणि जगातल्या स्त्रीपुरुषांना हवं तर त्यांनी मला शेवटच्या घरापर्यंत सोबत करावी, पण ती शांततेत. आणि शेवटी, मरणोत्तर कोणतीही पदवी, बढती, सन्मान मी आत्ताच नाकारतो. तरी कुणी दिलाच तर तो माझ्या शेवटच्या इच्छेचा भंग असेल.

हे लिहिलं तेव्हा ते ६१ वर्षांचे होते, सत्तेवर नव्हते. पुन्हा कधी येतील असंही फार थोड्यांना वाटत होतं.

१२ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता अंत्यविधी झाला. शवपेटी ओकच्या लाकडाची, गावच्याच सुताराने केलेली. वरचा तोफेचा बुरूज काढून टाकलेल्या एका चिलखती गाडीवर तिरंगी झेंड्यात गुंडाळून ती घरापासून चर्चपर्यंत आणली. तिथून गावातल्या बारा तरुणांनी ती उचलली. चर्चमधल्या प्रार्थनाविधीला (मिस्सेला) धर्मगुरूंबरोबर द गोल यांचा मिशनरी पुतण्याही होता. काहीशे वस्तीच्या त्या गावात सुमारे ४० हजार माणसं आली होती. ती रस्त्यांवर आणि शेतांच्या कडेने उभी होती.

त्याच सकाळी पॅरिसमध्ये नोत्र-दाममध्ये दुसरी प्रार्थना झाली. निक्सन आले होते, सोव्हिएत संघाचे पोदगोर्नी, इथिओपियाचे हैले सेलासी, बेन-गुरियन, ब्रिटनचे हीथ, असे जगभरचे राज्यकर्ते. शवपेटी मात्र तिथे नव्हती. सगळं जग एका रिकाम्या जागेसमोर उभं होतं आणि ज्याच्यासाठी उभं होतं तो माणूस आपल्या गावात, आपल्या माणसांत होता.

सगळेजण त्या कागदातल्या 'नको'ची यादी सांगतात. मला मात्र वाटतं की तो कागद आनच्या एका वाक्यासाठी लिहिला गेला. बाकीची सगळी 'नको' त्या वाक्याच्या रक्षणासाठी आहेत. मुलीशेजारी जागा हवी असेल तर पाँतेओं नको, अँव्हालिद नको (थोरामोठ्यांना पुरतात त्या पॅरिसमधल्या जागा), पॅरिसच नको. तुम्हाला काय वाटतं?

कोरा_कागद

फार सुंदर लिहिलंय. १९५२ हेच साल का, हा प्रश्न पडलेल्यांसाठी थोडी भर. ११ जानेवारी १९५२ ला दुसऱ्या महायुद्धातले फ्रेंच सेनानी जनरल द लात्र द तासिन्यी वारले, म्हणजे हा कागद लिहिला त्याच्या पाचच दिवस आधी. त्यांना मोठ्या इतमामाने निरोप दिला आणि मरणोत्तर मार्शल ही पदवी दिली. 'कोणतीही बढती, सन्मान मी आत्ताच नाकारतो' हे वाक्य त्या पार्श्वभूमीवर वाचलं की एकदम स्वच्छ दिसतं. द गोल स्वतः शेवटपर्यंत ब्रिगेडियर जनरलच राहिले. १९४० मध्ये मिळालेला तोही तात्पुरता हुद्दा. स्वतंत्र फ्रान्सचा, म्हणजे लंडनहून चाललेल्या मुक्तिलढ्याचा, नेता म्हणून त्याच्यावरचं काही घेणं त्यांना कधीच मान्य नव्हतं.

आणखी एक. २७ एप्रिल १९६९ च्या सार्वमतात हरल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी बारापासून पद सोडत असल्याचं दोन ओळींचं पत्रक त्यांनी काढलं. माजी राष्ट्राध्यक्षाचं निवृत्तिवेतनही घेतलं नाही. त्यामुळे हा साधेपणा मरणापुरता शोधून काढलेला नव्हता.

उंबरठा

माझं थोडं वेगळं मत आहे, दिवेलागण ताई. रागावू नका.

माणूस एकदा इतका सार्वजनिक झाला की त्याचं मरण फक्त त्याचं राहतं का? १९४० च्या जूनमध्ये लंडनहून रेडिओवर आलेला त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला किंवा नंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, ज्यांची मुलं त्या हाकेवर घर सोडून गेली आणि परत आली नाहीत, त्या आईबापांनाही रडायला जागा हवी. 'भाषण नको, संसदेत बोलू नका' असं वरून सांगणं म्हणजे त्यांच्या शोकाचंही नियमन करणं झालं. गेलेल्या माणसाच्या इच्छेइतकीच मागे राहिलेल्यांची गरज खरी असते. मला तो कागद वाचताना आदर वाटतो, पण थोडा कडकपणाही जाणवतो.

दिवेलागण

उंबरठा, रागावण्यासारखं काहीच नाही. हाच प्रश्न मीही बरेच दिवस मनात घोळवते आहे.

पण त्या कागदातली सामान्य माणसांबद्दलची ओळ पुन्हा वाचा. त्याने दार बंद केलं ते पदांना. मंत्री म्हणून येऊ नका, सभापती म्हणून येऊ नका. 'स्त्रीपुरुष' म्हणून या, जगातल्या कुठल्याही देशातून या. तुम्ही म्हणता त्या आईबापांसाठी वाट उघडी होती. उलट नेहमीच्या राजकीय अंत्ययात्रेत त्यांनाच दोराच्या पलीकडे उभं करतात आणि दोराच्या आत पुढारी असतात. इथे दोराच्या आत गावची ग्रामपरिषद होती.

पाँपिदू आणि पंतप्रधान शाबान-देल्मास आदल्या दिवशी ला ब्वासरीला जाऊन दर्शन घेऊन आले. त्यांनाही निरोप देता आला, फक्त तो समारंभात नव्हता.

सुकलेली_शाई

उंबरठा यांच्या मुद्द्याला एक उत्तर पॅरिसनेच दिलं. १२ तारखेच्या संध्याकाळी लाखो माणसं शाँझेलिझे या हमरस्त्यावरून विजयकमानीपर्यंत चालत गेली. पाऊस पडत होता. १९४४ च्या २६ ऑगस्टला, पॅरिस मुक्त झाल्यावर, द गोल याच रस्त्याने लोकांच्या गर्दीतून चालत आले होते. २६ वर्षांनी लोक चालत होते आणि तो नव्हता. शोकाला त्याची जागा सापडतेच, ती आधी आखून द्यावी लागत नाही.

त्याच वर्षी विजयकमानीच्या चौकाला त्यांचं नावही दिलं गेलं. आता हा 'सन्मान' धरायचा की नाही, हे मला कधी ठरवता आलेलं नाही.

पाणंद

मी कोलोंबेला जाऊन आलोय. दफनभूमी चर्चला लागूनच आहे, गावातल्या इतर कबरींच्या ओळीत. फिकट दगड, त्यावर नाव आणि दोन सालं. मी उभा होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले, टोपी काढली, मिनिटभर थांबले आणि गेले. सोबत फूलसुद्धा आणलं नव्हतं. गर्दी असते असं म्हणतात, त्या दिवशी आम्ही दोघंच होतो.

पण गावात शिरायच्या कितीतरी आधीच टेकडीवरचा लॉरेनचा क्रूस, म्हणजे त्यांच्या मुक्तिलढ्याचं चिन्ह, दिसायला लागतो. उंची ४४ मीटरच्या वर. १८ जून १९७२ ला पाँपिदूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. २००८ मध्ये पायथ्याशी मोठं संग्रहालयही उघडलं. संग्रहालय चांगलं आहे, तिथे मी तीन तास रमलो. तरी परत कबरीपाशी आलो तेव्हा वाटलं, ज्याने 'बाकी काही नको' लिहिलं त्याच्या डोक्यावर एवढा मोठा दगड उभा राहावा? तो क्रूस प्रेमातूनच उभारला, हे मान्य आहे. पण इच्छापत्र एका दिवसासाठी पाळणं सोपं असतं, पन्नास वर्षं पाळणं अवघड जातं.

आणि ती कबरही सुटली नाही. २०१७ च्या मे महिन्यात कुणीतरी येऊन वरचा दगडी क्रूस पाडला होता. नंतर तो पुन्हा बसवला.

निळी_छत्री

मी आनबद्दल लिहिणार आहे, कारण माझा धाकटा भाऊ तिच्यासारखाच होता.

आनचा जन्म १ जानेवारी १९२८ चा. तिला डाउन सिंड्रोम होता. त्या काळात अशी मुलं संस्थेत ठेवून विसरून जाण्याची रीत होती, आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या घरात तर त्याबद्दल बोलायचंच नाही असं असे. द गोल पतिपत्नीने तिला कायम सोबत ठेवलं. जिथे बदली तिथे आन, युद्धात लंडनला तिथेही आन. १९३४ मध्ये ला ब्वासरी घेण्यामागेसुद्धा आनला निवांत बाग मिळावी हे मोठं कारण होतं. जगासमोर ताठ आणि दूरचा वाटणारा हा माणूस तिच्यासाठी गाणी म्हणायचा, तिच्याशी खेळायचा.

६ फेब्रुवारी १९४८ ला ती न्यूमोनियाने गेली, वीस वर्षांची. दफनानंतर ते इव्होनबाईंना म्हणाले, 'आता ती इतरांसारखी झाली,' असं सांगितलं जातं. या वाक्याबद्दल लोक हळवे होतात. मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. माझा भाऊ जिवंतपणीच आमच्यासारखा होता, मरून कशाला व्हायला हवा? पुढे भाऊ गेला. त्या दिवशी मला कळलं की बापाने ते तिच्याबद्दल म्हटलं नसावं. आयुष्यभर लोकांच्या नजरा तिच्यावर पडताना त्याने पाहिल्या होत्या. त्या आता थांबल्या, एवढंच तो म्हणत असावा.

दोघांनी तिच्या नावाने एक संस्था सुरू केली, तिच्यासारख्या निराधार मुलींसाठी. आठवणींच्या पुस्तकांचं मानधन तिकडे गेलं. ती संस्था आजही चालते.

म्हणून दिवेलागण ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तो कागद एका बापाने लिहिला आहे. आन जाऊन चार वर्षंही झाली नव्हती तेव्हा.

उंबरठा

निळी_छत्री, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी 'कडकपणा' म्हटलं होतं, ते मागे घेतो. बाकी मुद्दा राहू दे, पण तो शब्द नको.

कातळ

सगळे भारावून लिहीत आहेत, आणि लिहावं असं मरण आहे हे खरंच. पण एक बाजू इथे यायलाच हवी.

याच राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमध्ये शांतपणे मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियन लोकांना पोलिसांनी मारलं, काहींची प्रेतं सेन नदीत सापडली. ८ फेब्रुवारी १९६२ ला शारोन मेट्रो स्थानकापाशी मोर्चावरच्या पोलिसी कारवाईत नऊ माणसं मेली. अल्जीरियातलं युद्ध संपवणाऱ्या एव्हियाँ करारानंतर फ्रान्सच्या बाजूने लढलेले हजारो अल्जीरियन, ज्यांना हारकी म्हणतात, मागे सोडून दिले गेले. त्यातल्या कितीतरी जणांना कबरच मिळाली नाही, साधी नाही की मोठी नाही. 

मी हे द गोल यांना लहान करायला लिहीत नाही. अल्जीरियाला स्वातंत्र्य देण्याचा निर्णयही त्यांनीच घेतला, स्वतःच्या जिवावर बेतलं तरी. ऑगस्ट १९६२ मध्ये पेती-क्लामारला त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला, गाडीत इव्होनबाईही होत्या. पण साध्या कबरीमुळे आपण हिशेब बंद करू नये, इतकंच. ज्याला स्वतःच्या मरणाची जागा निवडता येते तो भाग्यवान. बाकीच्यांचीही आठवण त्याच धाग्यावर व्हावी.

दिवेलागण

कातळ, बरं झालं लिहिलंत. मूळ लेखात मी हे टाळलं होतं, आणि ते बरोबर केलं नाही. सेन नदीतल्या माणसांच्या घरच्यांना मृत्यूची ती पहिली रात्र घरात, आपल्या माणसाजवळ मिळाली नाही. मी ज्या रात्रीला मोलाची म्हटलं, ती किती जणांना नाकारली गेली होती हे आता तिच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवं.

जुनी_वही

फ्रान्समध्ये ही परंपरा आधीची आहे. क्लेमांसो, पहिल्या महायुद्धात देशाला तारून नेणारा पंतप्रधान, २४ नोव्हेंबर १९२९ ला गेला. त्यानेही समारंभ नको, कुणाला बोलावणं नको असं लिहून ठेवलं होतं. व्हांदे भागात मुशाँजवळ, झाडांखाली, वडिलांच्या कबरीशेजारी त्याला पुरलं. त्याच्या कबरीवर तर नावही नाही. एकजण मुलीशेजारी गेला, एकजण बापाशेजारी.

आणि द गोल यांचा कागद सांभाळणाऱ्या पाँपिदूंवरही त्याचा परिणाम झाला असावा असं मला वाटतं. ते २ एप्रिल १९७४ ला पदावर असतानाच आजाराने गेले. त्यांनीही ऑर्व्हिलिये गावात साधा दगड मागितला होता, फुलं नकोत, हार नकोत, स्मारक नको. अठरा वर्षं दुसऱ्याचं असं पत्र स्वतःजवळ ठेवल्यावर माणूस स्वतःच्या मरणाकडे वेगळ्या नजरेने बघत असेलच ना?

पलीकडे जॉर्ज वॉशिंग्टननेही मृत्युपत्रात मिरवणूक नको, भाषण नको असं लिहिलं होतं. १८ डिसेंबर १७९९ ला माउंट व्हर्ननला पुरताना तरी सैनिक आणि वाद्यं आलीच. त्या मानाने कोलोंबेत शब्द पाळला गेला.

ओसरी

हा 'पाळला गेला'चा मुद्दा मला जवळचा आहे, म्हणून लिहिते.

माझे वडील पुढारी वगैरे नव्हते, शिक्षक होते. त्यांनीही एक चिठ्ठी लिहिली होती. जाहिरात नको, भाषणं नकोत, जिथे मरेन तिथेच चार जणांत आटपा. चिठ्ठी मला आणि भावाला दोघांनाही ठाऊक होती. प्रत्यक्षात ते गेले तेव्हा विद्यार्थी आले, जुने सहकारी आले, कुणीतरी माईक आणला, आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो. 'लोक प्रेमाने करतायत' असं एकमेकांना सांगितलं. प्रेमानेच करत होते. पण त्या दिवसापासून ती चिठ्ठी मी उघडलेली नाही.

त्यामुळे मला या हकिकतीत द गोल यांच्याइतक्याच इव्होनबाई मोठ्या दिसतात. नवरा गेलेल्या रात्री बातमी घराबाहेर फुटू न देणं, सगळ्या जगाला थोपवून ठेवणं. आणि तीन प्रती करण्यातलं शहाणपण आता मला कळतं. एकाच माणसावर 'नाही' म्हणायचं ओझं टाकायचं नसतं. ते बाहेरच्या एकावर आणि घरातल्या दोघांवर वाटून दिलं की कुणालाच मागे हटता येत नाही.

कोरा_कागद

ओसरी ताई, चिठ्ठी उघडा. तुमच्या वडिलांचं अक्षर आहे ते.

सुकलेली_शाई

राखीव जागांतल्या 'साथीदारां'बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हे साथीदार म्हणजे द गोल यांनी मुक्तिलढ्यासाठी सुरू केलेल्या खास सन्मानाचे मानकरी, एकूण १,०३८ व्यक्ती. नोव्हेंबर १९४० मध्ये ब्राझाव्हिलला त्याची स्थापना झाली. १९७० मध्ये हयात असलेल्यांपैकी बरेच जण कोलोंबेला आले, लेखक आंद्रे माल्रोही होते. त्यातले शेवटचे, ह्यूबेर जेर्मां, ऑक्टोबर २०२१ मध्ये १०१ व्या वर्षी वारले. म्हणजे चर्चमध्ये त्या दुपारी ज्यांच्यासाठी बाकं ठेवली होती त्यांच्यापैकी आता एकही नाही.

पाणंद

एक विचारायचं राहिलं. इव्होनबाईंचं पुढे काय झालं?

दिवेलागण

आणखी नऊ वर्षं जगल्या, नऊला एक दिवस कमी. ८ नोव्हेंबर १९७९ ला पॅरिसमध्ये गेल्या. मुलाखती नाहीत, आठवणी लिहिल्या नाहीत. त्यांनाही कोलोंबेलाच आणलं, कागदात लिहिलं होतं त्याच जागी. फिलीप २०२४ च्या मार्चमध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले, तेही त्याच दफनभूमीत आहेत.

ओसरी ताईंना खरडवहीत उत्तर दिलं आहे.

ओसरी

वाचलं. आज रात्री भावाला बोलावते, दोघं मिळून उघडतो.